कूबर पेडी : जानेवारीत जावं का, ओपल कसा पारखावा?

प्रश्न (जळगाव) : ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून भाड्याच्या गाडीनं कूबर पेडी या ओपलच्या खाणींच्या गावाला जायचंय. आई-वडील सोबत आहेत. जानेवारी चालेल का? ओपलही (रंगांची झाक मारणारा मौल्यवान खडा) घ्यायचाय.

उत्तर (भुसावळ) : भाऊ, जानेवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा, आपला मे महिनाच समजा. जून-ऑगस्टमध्ये जा, रात्री थंडी बोचते, स्वेटर ठेवा. मुक्काम जमिनीखालच्या खोलीतच घ्या, तिथं बाराही महिने 23-25 अंश. अंतर साधारण 850 किमी, म्हणून वाटेत पोर्ट ऑगस्टाला एक रात्र थांबा. त्यापुढच्या ग्लेनडॅम्बो थांब्यावर टाकी भरा, पुढे 250 किमी पंप नाही. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कांगारू आडवे येतात.

उत्तर (धुळे) : 1915 साली ओपल सापडला, तेव्हापासून खणलेले हजारो उभे खड्डे गावाबाहेर उघडे आहेत. कठडा नाही, काठ भुसभुशीत. फोटोसाठी मागे सरकत जाऊ नका, आई-वडिलांना तर आधीच बजावा.

ओपल सुटाच घ्या, अंगठीत कड झाकली जाते. खडा आडवा धरून कडेनं बघा. सरळ रेघेचा जोड दिसला की तो बहुधा डब्लेट : काळ्या पाठीवर चिकटवलेला पातळ पापुद्रा. वर पारदर्शक टोपी असेल तर ट्रिपलेट. हे पाण्यात राहिले की चिकटवण सुटतं, खडा धुरकट होतो. अस्सल सॉलिडही (जोड नसलेला, एकसंध ओपल) उष्णतेनं तडकतो. बसवल्यावर ज्योत लावायची नाही, हे जळगावच्या सोनाराला आवर्जून सांगा.