मदत हवी आहे: फ्लॉपवर राजाची जोडी जमली आणि टर्नवर समोरून ऑल-इन

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी अटलांटिक सिटीला जाऊन १/३ डॉलरच्या (सुरुवातीच्या सक्तीच्या पैजा १ आणि ३) टेबलावर नो-लिमिट होल्डेम खेळतो, म्हणजे पोकर: प्रत्येकाला दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच. खेळ बऱ्यापैकी समजतो, पण एकाच जागी वारंवार अडकतोय. हातात एकच जोडी असते, चांगली असते, आणि फ्लॉपनंतर (मधले पहिले तीन पत्ते उघडल्यावर) समोरचा अंगावर येतो. मागच्या खेपेचा डाव सविस्तर देतो. निकाल मुद्दाम नंतर सांगेन, नाहीतर सगळे निकाल बघूनच सल्ला देतात.

दोघांपुढेही ३०० डॉलर. मला एक्का-राजा आले, राजा किलवरचा. मी १५ केले. बटनवरच्याने (डीलरच्या जागेवरचा) आणि बिग ब्लाइंडने (३ ची सक्तीची पैज असलेला) कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. पॉट (मधे जमलेले पैसे) ४६. फ्लॉप: इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट चौकी. बिग ब्लाइंड चेक (काही न लावता पुढे), मी ३० लावले, बटनवाल्याने पत्ते टाकले, बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट १०६. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता, बदाम छक्की. तो पुन्हा चेक, मी ६५, आणि त्याने ऑल-इन केलं, म्हणजे उरलेले सगळे, २५५.

समोर साठीचे गृहस्थ. मी तीन तास त्यांच्याबरोबर बसलो होतो, फ्लॉपनंतर त्यांनी एकदाही रेझ केलेली (पैज वाढवलेली) नव्हती. चिप्स नीट दोन गठ्ठ्यांत रचल्या, दोन्ही हातांनी पुढे ढकलल्या आणि कॉफीचा कप उचलला.

मला आणखी १९० भरायचे होते, मधे ४२६ पडलेले. शंभरात ३१ वेळा जिंकलो तरी बरोबरी. घरी येऊन कागदावर मोजलं. मला हरवणारे हात: नव्वीची जोडी ३ प्रकारे, चौकीची ३ प्रकारे, सूटेड (एकाच चिन्हाची) राजा-नव्वी २ प्रकारे. झाले ८. सेटपुढे (हातातली जोडी आणि मधे तसाच तिसरा पत्ता) माझी काही आशाच नाही, राजा-नव्वीपुढे फक्त उरलेले ३ एक्के वाचवतील. फ्लशच्या ड्रॉपुढे (चार इस्पिक जमलेत, पाचव्याची वाट) मात्र मी साधारण ८० टक्के वेळा जिंकतो. म्हणजे या ८ हातांच्या बरोबरीने त्यांच्याकडे ५ ड्रॉ असतील तर कॉल बरोबर, ४ असतील तर चूक.

पण ५ की ४ हे टेबलावर, डीलर थांबलेला असताना, कसं ठरवायचं? आणि टर्नला ६५ लावायलाच नको होते का?

आणखी एक. त्या डावानंतर मी बिचकलोय. तासाभराने एका तरुण मुलाने, जो दर दुसऱ्या हाताला रेझ करत होता, दश्शी मोठी असलेल्या फ्लॉपवर मला रेझ केली. माझ्याकडे राण्यांची जोडी होती, ती मी टाकून दिली. त्याने पत्ते दाखवले, नुसता ड्रॉ. हे जास्त लागलं मनाला. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

प्रतिसाद:

त्या गृहस्थांसमोर फोल्ड (पत्ते टाका), आणि फार वेळ न घेता. तुमची मोजणी बरोबर आहे, पण तिच्यात दोन प्रश्न एकात मिसळलेत. त्यांच्याकडे ड्रॉ असू शकतो का, हा एक. असला तर ते तो असा खेळतील का, हा दुसरा. इस्पिकचे दहा-बारा सूटेड ड्रॉ शिल्लक आहेतच. पण तीन तास रेझ न करणारा माणूस ड्रॉवर कॉल करतो आणि फ्लश लागला की मगच पैसे काढतो. त्यांचे असे ड्रॉ मी एक किंवा दोन धरीन, पाच नाही.

अँड्र्यू साइडमन हा 'बलुगा व्हेल' नावाने ऑनलाइन खेळायचा. त्याच्या टोपणनावावरून ओळखला जाणारा नियमच आहे: टर्नवर रेझ आली की एका जोडीच्या हाताची किंमत नव्याने ठरवा. फ्लॉपवर लोक कशावरही रेझ करतात, टर्नवर फार कमी जण करतात.

टर्नची बेट मात्र योग्यच. राजा-राणी, राजा-गुलाम, सगळे ड्रॉ ते ६५ भरतात. चेक केलंत तर इस्पिकवाल्याला रिव्हर (पाचवा पत्ता) फुकट मिळतो आणि पाचात एकदा त्याचं काम होतं. फक्त चिप्स पुढे करण्याआधीच ठरलेलं असू द्या की या माणसाने रेझ केली तर पत्ते जाणार.

---

प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत, टर्नला मी ६५ऐवजी ५०च लावले असते, पण तो बारीक फरक झाला. मी फ्लॉप पडल्यावर आधी एक भागाकार करतो: मागे उरलेला स्टॅक (आपल्यापुढच्या चिप्स) भागिले पॉट. तुमचा २८५ भागिले ४६, सहाच्या थोडं वर. तीन किंवा कमी असता तर टॉप पेअर (मधल्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी) घेऊन मीही सगळे पैसे घातले असते, समोर कोणीही असो. सहाला समोरचा माणूस बघावा लागतो. बारा-तेराला एका जोडीवर अख्खा स्टॅक घालणं मला जमत नाही.

त्याच कारणाने राण्या टाकणं चूक होतं. दर दुसऱ्या हाताला रेझ करणाऱ्याच्या रेझमध्ये ड्रॉच जास्त असणार. तिथे कॉल करा आणि टर्न बघा. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नका.

एक राहिलं. तुमचा एक्का कोणता होता? तेवढं लिहिलं नाहीत.

---

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. मी कॉल केला होता. त्यांनी चौकीचा सेट दाखवला.

एक्का इस्पिकचा होता. तेव्हा मला वाटलं, इस्पिक आहे, चांगलंच आहे. आता तुमच्या प्रश्नावरून लक्षात येतंय की असा माणूस ज्या ड्रॉवर ऑल-इन करायची हिंमत करेल तो एक्क्याचाच, आणि तो एक्का तर माझ्या हातात. कागदावर मी ते सगळे हात त्यांच्या नावावर धरले होते. ते वजा केले तर ५ सोडा, १ उरणंही कठीण.

येत्या शुक्रवारी जातोय. तो मुलगा पुन्हा भेटला तर फ्लॉपवर कॉल करतो आणि डाव इथे टाकतो.