फालूनची तांब्याची खाण: आईला खाली नेता येईल का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)
जूनच्या शेवटी बहिणीकडे स्टॉकहोमला जातोय. एक दिवस फालूनसाठी ठेवलाय. सोबत आई, वय ६८, गुडघे कुरकुरतात. खाली उतरणं झेपेल? कपडे कोणते? आणि भिंतीत तांबं दिसतं का?

उत्तर १
आईंना खाली नेऊ नका. फेरी ६७ मीटर खोल जाते, जिने ओले असतात आणि गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. त्यांना वर काठावर बसवा. स्टोरा स्टोटेन हा सुमारे ९५ मीटर खोल खड्डा तिथूनच नीट दिसतो. माझ्या मते बघण्यासारखं तेच आहे.

तुम्ही जाणार असाल तर इंग्रजी फेरीची वेळ आधी बुक करा, मग ट्रेन ठरवा (अडीच-तीन तास). गाईडशिवाय खाली सोडत नाहीत. आत बारा महिने ५-६ अंश, म्हणजे निफाडची जानेवारीतली पहाट. वर ऊन असतं म्हणून लोक टी-शर्टवरच येतात आणि कुडकुडतात. तिथे मिळणारा रेनकोट पाणी अडवतो, थंडी नाही. आत स्वेटर हवाच. पांढरे कॅनव्हासचे बूट नकोत, गंजकट पाण्याचे डाग जात नाहीत.

उत्तर २
तांबट लेनमधल्या पत्र्यासारखा लाल रंग शोधू नका. धातुक आहे चाल्कोपायराइट, आपल्या वैद्यांचं सुवर्णमाक्षिक, रंग पितळी. शुद्ध खनिजात तांबं जेमतेम ३४-३५ टक्के. शेजारी पायराइटही (लोखंड-गंधकाचं खनिज) भरपूर, दिसायला सख्खा भाऊ. संग्रहालयाच्या दुकानातला तुकडा घरी आणून चाकूने ओरखडा: चाल्कोपायराइटवर ओरखडा उठतो, पायराइटवर नाही. खाणीच्या भिंतींवर मात्र हे प्रयोग नकोत.

हेच पायराइट पाणी-हवेने कुजून हिराकस (लोखंडाचा क्षार) तयार होतो. १६७७ मध्ये बेपत्ता झालेल्या एका खाणकामगाराचं शव १७१९ मध्ये ओळखण्याइतकं शाबूत सापडलं, ते अशाच क्षारांच्या पाण्यामुळे. द्राक्षबागेत बोर्डो या बुरशीनाशकासाठी मोरचूद (तांब्याचा क्षार) कालवणाऱ्यांना या क्षारांची करामत सांगायला नको.

उत्तर ३
तारीख जपून ठरवा. मिडसमरची (स्वीडनच्या उन्हाळी सणाची) सुट्टी १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी सुरू होते. दुकानं बंद, गाड्या कमी. एकेकाळी याच सुट्टीने जीव वाचवले. आधार न ठेवता पोखरलेले खड्डे १६८७ च्या मिडसमरला एकत्र कोसळले आणि आजचा स्टोरा स्टोटेन झाला; आत कुणीच नव्हतं. आईंसाठी काठावर वारा असतो, शाल घ्या.