पहिला युरोपियन सिनेमा कोणता दाखवाल? तुमचे अनुभव सांगा

परवा भाचीने विचारलं, "मावशी, युरोपातले सिनेमे बघायचेत, कुठून सुरू करू?" दहा नावं लिहून देणं सोपं होतं. पण नुसत्या नावांनी कुणी सिनेमाकडे वळत नाही, कुणीतरी जीव तोडून सांगितलं की वळतं. म्हणून विचारते आहे. तुम्हाला धरून ठेवणारा सिनेमा कोणता? कुठे पाहिलात, कुणाबरोबर? सविस्तर लिहा.

मी पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला. डी सिकाचा, १९४८ चा. युद्धानंतरचं रोम. बेकार आंतोनियोला पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, पण सायकल स्वतःची हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकते, सायकल सोडवून आणते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. पुढे बाप आणि छोटा ब्रूनो शहरभर शोधत हिंडतात. आंतोनियो झालेला माणूस नट नव्हे, कारखान्यातला कामगार होता. माझे बाबाही सायकलनेच कामावर जायचे. शेवटी बापाची फजिती पाहिलेला ब्रूनो मुकाट्याने त्याचा हात धरतो, तिथे मला बाबा दिसले. १९५२ साली मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात बिमल रॉय यांनी हा सिनेमा पाहिला, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा 'दो बिघा जमीन' आला.

* * *

ताई, माझे वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात आमचं घर बसलं. त्यामुळे मी 'टू डेज, वन नाइट' सांगेन. बेल्जियमच्या दार्देन बंधूंचा, २०१४ चा.

सांद्रा नैराश्यातून नुकती सावरते आहे. कारखान्याने बाकीच्यांपुढे पर्याय ठेवलाय: एक हजार युरो बोनस घ्या, नाहीतर सांद्राची नोकरी राहू द्या. लोकांनी बोनस निवडलाय. सोमवारी पुन्हा मतदान आहे, आणि तोवर शनिवार-रविवारात तिला सोळा जणांच्या दारात जायचंय. बस, एवढीच गोष्ट. पण प्रत्येक दारामागे एक संसार आहे. कुणाच्या पोरांची फी आहे, कुणाचं घराचं काम अर्धवट आहे. एक जण तर तिला पाहून शरमेने रडायलाच लागतो. कुणालाच वाईट म्हणता येत नाही. संपात आमच्या चाळीत काही जण कामावर परत गेले, तेव्हा त्यांच्याशी बोलणं तुटलं होतं. हा सिनेमा पाहून मी त्यातल्या एका काकांना फोन केला. वीस मिनिटं बोललो, संपाबद्दल एक शब्दही नाही. सांद्रा झालेल्या मारियों कोतियारची पाण्याची बाटली आणि ते थकलेले खांदे विसरता येत नाहीत.

* * *

मी सासूबाईंचं चार वर्षं अंथरुणातलं सगळं केलं. त्या गेल्यावर दोन वर्षांनी हानेकेचा 'आमूर' पाहिला (२०१२). पॅरिसमधलं म्हातारं जोडपं, दोघंही संगीतशिक्षक. तिची उजवी बाजू लुळी पडते आणि तो तिला उठवतो, धुतो, भरवतो. एक नर्स तिचे केस ओढून ओढून विंचरते आणि वर तिच्यापुढे आरसा धरते. तो त्या बाईला कामावरून काढून टाकतो. मला तिथे सिनेमा थांबवावा लागला. आमच्याकडेही अशी एक बाई आली होती, आणि मी गप्प बसले होते.

भाचीला हा पहिला म्हणून दाखवू नका. पण ज्यांनी घरात असं दुखणं काढलंय त्यांनी जरूर बघा, शक्यतो एकट्याने.

* * *

बर्लिनहून लिहितोय. 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' (२००६) मी पुण्यात असताना पाहिला होता. १९८४ चं पूर्व बर्लिन. गुप्त पोलिसांचा एक अधिकारी माळ्यावर बसून एका नाटककाराचं घर ऐकतो आणि ऐकता ऐकता बदलत जातो. तो अधिकारी झालेल्या उलरिख म्यूहेचा चेहरा जवळजवळ हलत नाही, तरी सगळं कळतं. इथे आल्यावर लिख्टेनबर्गमधलं श्टाझीचं, म्हणजे त्याच गुप्त पोलिसांचं, मुख्यालय पाहिलं, आता तिथे संग्रहालय आहे. होहेनशोनहाउझेनच्या तुरुंग-स्मारकाने या सिनेमाला चित्रीकरणाची परवानगी नाकारली होती. असा मन बदलणारा अधिकारी प्रत्यक्षात झालाच नाही, हा तिथल्या संचालकांचा आक्षेप. तो मला पटतो. तरीही सिनेमा तितकाच आवडतो.

* * *

माझी आजी सबटायटल्स वाचू शकत नव्हती, म्हणून 'बॅबेट्स फीस्ट' मी तिला शेजारी बसून मराठीत वाचून दाखवला. डेन्मार्कचा, १९८७ चा. समुद्रकाठचं गाव, दोन देवभोळ्या बहिणी आणि १८७१ च्या धामधुमीत पॅरिसहून त्यांच्याकडे आश्रयाला आलेली बॅबेट. तिला लॉटरीत दहा हजार फ्रँक मिळतात आणि ती सगळे एका जेवणावर खर्च करते. गावकऱ्यांनी तर ठरवलेलं असतं, चवीबद्दल चकार शब्द काढायचा नाही!

आजी पक्की माळकरी. कासव, लावे बघून तोंड फिरवेल असं मला वाटलं होतं. पण ती बॅबेटचे हात बघत होती. मध्येच म्हणाली, "हिला घाई नाही बघ." पुढचं मी वाचायचं थांबवलं. तिला गरज नव्हती.

* * *

घाईत एकच नाव: त्रुफोचा 'द ४०० ब्लोज', १९५९. शाळेत सतत मार खाल्लेल्या कुणालाही दाखवा.

* * *

आमचे अण्णा तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, त्यामुळे मी 'सिनेमा पारादिसो'च सांगणार (१९८८, तोर्नातोरे). सिसिलीतलं गाव, म्हातारा ऑपरेटर आल्फ्रेडो आणि केबिनमध्ये घुसणारा पोरगा तोतो. पडद्यावर चुंबन आलं की पाद्री घंटा वाजवतो आणि आल्फ्रेडो ते तुकडे कापून ठेवतो. लांबलेली आवृत्तीही मिळते. पहिल्यांदा दोन तासांचीच बघा.

अण्णांना घरी टीव्हीवर लावून दिला. केबिनला आग लागते तिथे ते ताडकन उभे राहिले. जुनी फिल्म कशी भडकते, कार्बनच्या कांड्या कशा जुळवायच्या, तुटलेलं रीळ किती सेकंदांत जोडायचं, हे सगळं त्या रात्री पहिल्यांदा बोलले. शेवटी तोतो ते कापलेले तुकडे एकामागून एक बघतो, तेव्हा अण्णा उठून आत गेले. एक डबा घेऊन आले. त्यात आमच्या टॉकीजमधल्या फिल्मचे हातभर तुकडे होते. आम्ही ते ट्यूबलाइटसमोर धरून बघत बसलो.