मदत हवी आहे: वेंगुर्ल्याच्या जुन्या घरातली संगमरवरी फरशी

नमस्कार मंडळी. आजोळचं घर जांभ्याचं, ओटी आणि माजघरात पांढरा संगमरवर. जेवणाच्या जागी कोकमाचे, लिंबाचे डाग पडलेत. चमक गेली आहे, हात फिरवला की खरखरीत लागतं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट त्याला खातंच. तेव्हा ते घासूनच काढावे लागणार.

खरी काळजी ओलीची आहे. भिंतीलगतच्या फरश्यांवर पावसाळ्यानंतर पांढरी पूड येते, बोटाला खारट लागते. एका ठेकेदाराचं म्हणणं, मोठं मशीन लावून थर काढू, चुन्याचे सांधे सिमेंटने भरू, वर सीलर (पाणी शिरू नये म्हणून लावायचा लेप) मारू. मला हे अजिबात पटत नाही. ओल आत कोंडली तर क्षार दगडच पोखरतील. शिवाय उंबऱ्यापाशी पावलांनी झिजून आलेला खोलगटपणा आईला तसाच हवाय, आणि मलाही.

४०० नंबरच्या डायमंड पॅडपासून (हिऱ्याची भुकटी बसवलेली घासायची चकती; नंबर मोठा तितकी बारीक) पाणी घालत ३००० पर्यंत गेलं तर डाग निघतील, की आणखी खालच्या, म्हणजे जाड नंबरपासून सुरुवात करावी लागेल? क्षार आधी कसे ओढून काढायचे? रत्नागिरी ते सावंतवाडी पट्ट्यात चुन्यात काम करणारा कारागीर कुणाच्या माहितीत असेल तर कृपया सांगा. काम पावसाआधी उरकायचंय.