सांगकाम्याने गावांचे लेख पाडायचे का?

गिरगावकर: कालच्या चर्चेत एकाने लिहिलंय, 'आपला मराठी विकिपीडिया मागे, कारण आपण सांगकाम्याला, म्हणजे आपोआप संपादन करणाऱ्या बॉटला, घाबरतो. जनगणनेचा तक्ता द्या, एका रात्रीत सगळी गावं चढतील.' वाचून डोकं फिरलं. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया बघा. ६० लाखांवर लेख, इंग्रजीखालोखाल नंबर, आणि बहुतेक एका स्वीडिश माणसाच्या एलएसजेबॉटने पाडलेले. डोंगर, ओढा, बेट, अक्षांश, रेखांश. सेबुआनो बोलणारं माणूस त्यात कुठे आहे? गावाची जत्रा कुठली, पाणी कुठून येतं, गिरणीत कामाला मुंबईला कोण आलं, हे तक्त्यात नसतं.

ठाणे_स्लो: काहीच नसण्यापेक्षा दोन ओळी बऱ्या. इंग्रजीतही २००२ मध्ये रॅमबॉटने अमेरिकेतल्या गावांचे हजारो लेख जनगणनेवरूनच टाकले, लोकांनी मागाहून भर घातली. माझ्या आजोळच्या गावावर दोन ओळी होत्या म्हणून मी 'संपादन' दाबलं आणि ग्रामदैवताचं लिहिलं. कोरं पान मी उघडलंच नसतं.

गिरगावकर: तिकडे भर घालायला माणसं होती. इथे चावडीवर, म्हणजे विकीच्या चर्चापानावर, तेच चार जण.

नायगावची_सून: लेखांचं राहू द्या, मला 'शोधा आणि बदला'वाल्यांचा वैताग आलाय. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं प्रभादेवी झालं २०१८ मध्ये. तिथल्या पुलावरची चेंगराचेंगरी २९ सप्टेंबर २०१७ ची, २३ माणसं गेली. आता आपल्या पानावर ती 'प्रभादेवी स्थानकात' झाली आहे! मग 'बॉम्बे'चं सरसकट 'मुंबई', त्यात बॉम्बे डाइंगचं 'मुंबई डाइंग'. माझे सासरे बॉम्बे डाइंगच्याच स्प्रिंग मिलमध्ये होते, पगाराच्या पाकिटावर काय छापलेलं असायचं ते मला विचारा.

मराठी_बाणा: बॉम्बे गेलं तर बिघडलं काय? १९९५ लाच बदललं ना नाव?

नायगावची_सून: शहराचं बदललं. कंपनीचं नाही, आयआयटीचं नाही, हायकोर्टाचंही इंग्रजी नाव अजून बॉम्बेच आहे.

मराठी_बाणा: तुमच्यासारख्यांमुळेच लोक अजून व्ही.टी. म्हणतात.

नायगावची_सून: मला मराठीपण शिकवू नका. मेलेल्या माणसांच्या पानावर चुकीचं नाव ठेवण्यात कसला आलाय अभिमान?

पानपुसणी: भांडा, पण मी सांगकाम्या चालवते, माझंही ऐका. २०१३ मध्ये आंतरभाषिक दुवे, म्हणजे त्याच विषयाच्या इतर भाषांतल्या पानांचे दुवे, विकिडेटा या सगळ्या विकींच्या सामाईक माहितीसाठ्यावर गेले, तेव्हा पानापानातून ते जुने दुवे कोणी काढले? सांगकाम्यांनीच. हाताने करायला जन्म गेला असता. बिघाड यंत्राचा नाही. वेगळं खातं न काढता, चाचणी न दाखवता, स्वतःच्या खात्यावरून हजार बदल मारणाऱ्याचा आहे. आणि सांगकाम्याचा दर्जा मिळाला की बदल 'अलीकडील बदल'मध्ये आपोआप दिसत नाहीत, म्हणून तर आधी चावडीवर विचारायचं.

गिरगावकर: दुवे, साचे, वर्ग यांना माझी ना नाही. लेखांना आहे, आणि राहील.

ठाणे_स्लो: मग तालुक्यामागे एक माणूस नाव देऊन जबाबदारी घेईल, तिथलेच लेख टाकू. संगमेश्वर माझा.

गिरगावकर: संगमेश्वर टाका. आधी दहाच, आणि मी वाचणार.

मराठी_बाणा: चेंगराचेंगरीपुरतं काकूंचं बरोबर आहे. बाकी पटलेलं नाही.

नायगावची_सून: ते पान मी आत्ता उलटवते, म्हणजे आधीसारखं करते. पानपुसणी, 'मुंबई डाइंग' कुठे कुठे झालंय त्याची यादी काढून द्या. बदल मात्र हातानेच करू.