डॉ. झोया आठवते का? मारिना खानच्या मालिका आणि तुमचे अनुभव

नीलमोहर
भाची मिरजेला इंटर्नशिप करतेय. परवा तिने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. नुकतेच कापलेले आखूड केस, पांढरा कोट, रात्रपाळी करून दमलेली, तरी तोंडभर हसतेय. मी एकदम म्हणाले, "अगं बाई, ही तर झोया!" घरात एकालाही कळेना कोण झोया. सासूबाई असत्या तर त्यांना कळलं असतं. म्हणून इथे लिहितेय, इथे नक्की कुणीतरी असेल.

'धूप किनारे', १९८७. पीटीव्हीच्या (पाकिस्तान टेलिव्हिजन) कराची केंद्राची मालिका. लेखिका हसीना मोईन, दिग्दर्शिका साहिरा काझमी. मारिना खान झाली होती डॉ. झोया अली खान, हाउस जॉबला (म्हणजे आपली इंटर्नशिप) आलेली पोरगी, आणि राहत काझमी तिचा कडक सीनियर डॉ. अहमर अन्सारी. आम्ही डोंबिवलीत राहायचो. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींकडे व्हीसीआर होता. शनिवारी जेवणं लवकर उरकून सगळ्या बायका तिथे जमायच्या. मी तेव्हा कॉलेजात होते.

मला आजही आठवतं ते तिचं वावरणं. वॉर्डातून धावत काय सुटायची, बोलणी खाऊन वर तोंड काय करायची, खोड्या काय काढायची! पण पेशंटजवळ बसली की निराळीच दिसायची. आणि शेवटपर्यंत लेखिकेने तिला 'वळण' लावलं नाही. प्रेमात पडली म्हणून ती एकदम मान खाली घालून बोलू लागली नाही. आमच्या चाळीतल्या मुलींना हे फार हवं होतं. माझ्या आईने तर मला केस कापू दिले, कारण "ती डॉक्टरीण कापते की" :)

नंतर तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. जन्म पेशावरचा, १९६२. वडील पाकिस्तानी हवाई दलात, आई इंग्लिश. तिच्या उर्दूत जो किंचित परका सूर लागतो तो बहुधा घरातलाच. पहिलं काम 'राशिद मिन्हास' या टेलिफिल्ममध्ये, दिग्दर्शक शहजाद खलील. त्यांनीच मग तिला 'तनहाइयाँ' या मालिकेत सानिया केलं आणि पोरीचं नशीब उघडलं.

तुम्ही कुठे पाहिलंत, कुणाबरोबर, लिहा ना. मारिनाच हवी असं नाही, तिच्या आधीच्या-नंतरच्या कुणाबद्दलही चालेल.

कॅसेटवाला
कल्याणला वडिलांची व्हिडिओ लायब्ररी होती. पाकिस्तानी नाटकांचा कप्पा वेगळा, गल्ल्याच्या मागे. गिऱ्हाईक यायचं, "ड्रामा आला का?" बस्स, नाव विचारायची गरज नाही. तीन तासांच्या कॅसेटवर तीन-चार भाग बसायचे. कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी, चेहरे हिरवट दिसायचे आणि खाली एक रेघ सतत थरथरायची. तरी लोक नंबर लावायचे. पहिली कॅसेट नेलेला माणूस परत करेपर्यंत दुसरा दुकानातच बसून राही. बायका पुढचं काय होतं ते सांगू नका म्हणून बाबांना दम द्यायच्या, कारण बाबा सगळं आधीच पाहून बसलेले.

नीलमोहर
कॅसेटवाला, ती रेघ!! अगदी अगदी.

फौजीकन्या
आम्हाला कॅसेट लागली नाही. बाबांची बदली फिरोजपूरला होती, अँटेना लाहोरकडे फिरवला की पीटीव्ही स्वच्छ. आई मूळची सांगलीची, तिला उर्दू अर्धंमुर्धं कळायचं. शेजारच्या सरदारणी काकू भाषांतर करायच्या, तेही पंजाबीत, म्हणजे आईला दोन्ही कळायचं नाही आणि तरी सगळं कळायचं. दर आठवड्याला एकच भाग. त्या वेळी क्वार्टर्सच्या गल्लीत शुकशुकाट. सीमेच्या इतक्या जवळ राहणाऱ्या फौजी घरांत हे चालायचं, आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

सानियाफॅन
तनहाइयाँ तनहाइयाँ तनहाइयाँ. झोया नंतर, आधी सानिया. थोरली बहीण झारा (शहनाझ शेख) रडायला आणि घर परत मिळवायला, आणि सानिया आपल्याला जगवायला. कबाचाबरोबरची तिची भांडणं मी पाठ केली होती. कबाचा म्हणजे बहरोज सब्जवारी. आपा बेगम आठवतात का??

माजघर
आपा बेगम म्हणजे अझरा शेरवानी. आमच्या आत्या. पूर्ण आत्या. बसणं, चष्म्यातून बघणं, सगळं.

तनहाइयाँबद्दल एक सांगते. आई-वडील अपघातात जातात, कर्जापायी घर विकावं लागतं, दोघी बहिणी मावशीकडे येतात. आम्हा बहिणींचंही थोडंफार असंच झालं होतं, वडील गेले, मग मामाकडे. ताई झारासारखी झाली. नोकरी, हिशेब, दात घट्ट मिटून. मी धाकटी, मी हसत राहिले. लोक म्हणायचे हिला काही वाटतच नाही. मालिकेत सानिया हसता हसता मध्येच गप्प होते, तिथे मी पहिल्यांदा ताईसमोर रडले. ताईने टीव्ही बंद केला नाही, नुसता माझा हात धरला. मारिना खानला हे कधी कळणार नाही पण तिचं माझ्यावर देणं आहे.

सानियाफॅन
माजघर, वाचून काय लिहावं कळेना. ताईंना माझा नमस्कार सांग.

नीलमोहर
मी पण. जेवताना वाचलं, घास तसाच राहिला हातात.

मस्कतकर
आम्ही मस्कतला होतो ८५ ते ९४. बिल्डिंगमध्ये कराचीचं कुटुंब, त्या वहिनी आणि माझी बायको मैत्रिणी. त्यांच्याकडे अस्सल कॅसेटी, रेघा नाहीत. बदल्यात आमच्याकडच्या पुरणपोळ्या. त्या म्हणायच्या मारिना आमच्याकडच्या मुलींसारखी दिसत नाही आणि तरी सगळ्या मुलींना तिच्यासारखं व्हायचंय. ती पुढे दिग्दर्शनात गेली. २०२१ साली एआरवाय या पाकिस्तानी चॅनलवर तिची 'परदेस' आली, घरासाठी परदेशात राबणारा नवरा आणि इकडे सासरी एकटी राहिलेली बायको. बघताना मस्कतच्या लेबर कॅम्पातले आपले रत्नागिरीचे लोक डोळ्यांपुढे आले. पत्रात 'सर्व ठीक' लिहिणारे.

हर्णैकर
मस्कतकर, ते रत्नागिरीचे लोक म्हणजे आमच्याच घरचे. सलाम.
माझी खाला (मावशी) फाळणीनंतर कराचीत गेली, कोकणी मुसलमान तिकडे बरेच आहेत. ती आली की बॅगेत कापड, सुका मेवा आणि कॅसेट. घरात बोलायची आपली कोकणी, टीव्ही लावला की उर्दू. धूप किनारे लावलं आणि बाहेरचा रस्ता दिसला की लगेच "तो रस्ता बघ, त्याच्या मागे माझं घर." आम्ही पोरं झोया सोडून खालाचं घर शोधायचो. आता खाला नाही. व्हिसाची भानगड, मयतीला कुणी जाऊ शकलं नाही.

नीलमोहर
हर्णैकर :( खरंच वाईट वाटलं.

माजघर
कराचीचा विषय निघालाच आहे तर. तिथली एनजेव्ही शाळा म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा, सिंधमधली पहिली सरकारी शाळा, १८५५ची. आपलाच माणूस.

रेडिओलॉजी
मी डॉक्टर, म्हणून वेगळं लिहिते. तेव्हा वेड लागलं होतं, मेडिकलला जायचं कारण पाच टक्के तरी झोया. पण गेल्या वर्षी परत पाहिली तेव्हा डॉ. अहमर खटकला. हाताखालची इंटर्न, वयात एवढं अंतर, तो चारचौघांत तिचा अपमान करतो आणि आपण त्याला प्रेमाची सुरुवात समजायचं. माझ्या इंटर्नशिपमध्ये असा एक सीनियर होता, त्याच्यात प्रेमबिम काही नव्हतं, नुसता छळ होता. माझ्याबरोबरची एक मुलगी सोडून गेली. म्हणून राहत काझमी कितीही देखणा असो.
मारिनाचं काम मात्र तेव्हापेक्षा जास्त आवडलं. अपमान झाल्यावर ती नुसती रडत नाही, चिडते, उलट बोलते, मग एकटीच पुटपुटते. लिहिणारी बाई, दिग्दर्शन करणारी बाई, त्याचा फरक दिसतो.

कॅसेटवाला
डॉक्टर, पटलं. पण धूप किनारेतली डॉ. शीना? बदर खलील. न बोलता अहमरवर जीव लावते. बाबा म्हणायचे खरी नायिका तीच.

खर्जातला
साहिरा काझमी कोण, हे किती जणांना माहीत आहे? आपल्या मुंबईच्या सिनेमातला देखणा नट श्याम, लेखक मंटोचा जिवलग, १९५१मध्ये शूटिंगला घोड्यावरून पडून गेला. त्याची मुलगी. जन्म मुंबईचा. राहत काझमी तिचा नवरा. हसीना मोईन जन्माने कानपूरच्या. धूप किनारेत फैजचं काव्य गायलेली नय्यरा नूर गुवाहाटीची. तिचा आवाज सुरू झाला की आमच्या घरात पंखासुद्धा बंद करायचे, खडखड नको म्हणून.

सानियाफॅन
हसीना मोईननी 'हिना'चे संवाद लिहिले ना? झेबा बख्तियारवाला, १९९१.

खर्जातला
हो.

वीरपत्नी_नात्यातली
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझा दीर कारगिलहून परत आला नाही. तेव्हापासून आमच्या घरात तिकडचं काही लागत नाही, गाणंही नाही. धागा वाचला कारण लग्नाआधी मीही झोया बघितली होती आणि मला ती फार आवडायची. पण आता बघवत नाही. एवढंच.

नीलमोहर
राग कसला, ताई. लिहिलंत हेच खूप आहे. तुमच्या घराला नमस्कार.

फौजीकन्या
ताई, मी समजू शकते. ९९ साली आमच्याही घरात फोन वाजला की सगळे उभे राहायचे.

पोहे_आणि_पॉडकास्ट
मी तुमच्यापेक्षा बरीच लहान, आमची सुरुवात २०१४ची, पाकिस्तानी मालिका दाखवणारं झिंदगी चॅनल. आईबरोबर. 'झिंदगी गुलजार है'मधली सनम सईदची कशफ. तिच्या वडिलांनी दुसरं लग्न केलेलं, आई शिक्षिका, तीन मुली, बसने कॉलेज. आई दर भागाला म्हणायची "ही मुलगी आपल्या घरातली आहे". मग 'हमसफर'ची माहिरा खान. आईला माहिरा फार रडते म्हणून आवडायची नाही, तिचं एकच, "तुम्ही मारिना पाहिली नाहीत." २०१६ला उरीनंतर त्या मालिका बंद झाल्या. माहिराचा 'रईस' जानेवारी २०१७ला लागला, प्रमोशनला तिला येता आलं नाही. आणि २०२५ला पहलगामनंतर तर चॅनल, इन्स्टा सगळं इथे दिसेनासं झालं. मला कुणाची बाजू घ्यायची नाही, वरच्या ताईंचं वाचून तर नाहीच. फक्त आई आता आजारी असते आणि तिला परत एकदा झोया बघायची आहे.

मस्कतकर
बाळ, आईला काय झालं आहे? काळजी घे.

पोहे_आणि_पॉडकास्ट
पार्किन्सन्स काका. बोलणं कमी झालंय. जुन्या मालिका लावल्या की चेहरा मोकळा होतो. दामिनीचे जुने भाग लावले तेव्हा शीर्षकगीत म्हणाली.

रेडिओलॉजी
गाण्यावर चालायचा सराव करून घे तिच्याकडून, फिजिओथेरपिस्टला विचारून. ठेका धरला की पाय उचलायला मदत होते काही जणांना. मेसेज करते तुला.

बटाटेवडा
धूप किनारेचा रीमेक पाहिला का कुणी, 'कुछ तो लोग कहेंगे', सोनी, २०११. लखनौचं हॉस्पिटल, कृतिका कामरा. आधी मोहनीश बहल, मग आपला शरद केळकर. मला केळकर आवडला पण आई मोहनीशसाठी बघायची, नूतनचा मुलगा म्हणून.

सानियाफॅन
मोहनीशने मालिका सोडल्यावर मीही बघायची सोडली. तेरा-चौदा भागांची गोष्ट, किती ताणली. मूळची तेवढीच होती म्हणून आजही लक्षात आहे. २०१२ला 'तनहाइयाँ : नये सिलसिले' आली, दिग्दर्शन मारिनाचंच, सानिया आणि कबाचा परत. पन्नाशीला आलेली सानिया तशीच खळखळून हसते. पण शहजाद खलील नव्हते, ते ८९लाच गेले. ती हवा परत कशी येणार.

हर्णैकर
दुबईत एकाने सांगितलं की धूप किनारे अरबीत पण केली, सौदीसाठी.

मस्कतकर
हो, २०२०ची बातमी.

माजघर
आपल्याकडेही 'उडान' मालिका होती हं, दूरदर्शनवर, १९८९, कविता चौधरी. मुलींनी केस कापले ते तिच्यामुळे पण. कुणी काढा तिचा धागा, मी लिहीन.

फौजीकन्या
मी काढते रविवारी. आता कुकर लावायचाय.

पोहे_आणि_पॉडकास्ट
मामाच्या माळ्यावर धूप किनारेच्या कॅसेटी सापडल्या!!! आत्ताच फोन आला. पण टेपवर पांढरं काहीतरी दिसतंय. व्हीसीआर शेजाऱ्यांकडे आहे, लावून बघू का?

कॅसेटवाला
थांब!! लावू नकोस. ती बुरशी आहे. तशीच लावलीस तर व्हीसीआरचं हेड खराब होईल, टेप तुटेल आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागेल. कॅसेटी कोरड्या जागी उभ्या ठेव, उन्हात नको, फ्रिजजवळ नको, स्पीकरजवळ तर अजिबात नको. टेपला हात लावू नकोस. आधी टेप स्वच्छ करून मगच डिजिटल करतात. तू कुठे असतेस?

पोहे_आणि_पॉडकास्ट
पुणे, सिंहगड रोड.

कॅसेटवाला
मग सोपं आहे. माझ्याकडे मशीन अजून आहे, कल्याणला. पुढच्या आठवड्यात भावाकडे पुण्याला येतोय, घेऊन जातो. पैसे नकोत. कॅसेटीवरचं लेबल वाचून सांग, किती भाग आहेत त्यात?