लांबट टोमॅटोच्या बियांतून गोल टोमॅटो कसे आले?

गच्चीवरची_बाग (नाशिक)

नमस्कार. गेल्या वर्षी मी रोपवाटिकेतून लांबट टोमॅटोच्या संकरित वाणाची दोन रोपे आणली होती. सगळी फळे एकसारखी आली, म्हणून त्यांतल्या एका उत्तम फळाच्या बिया धुऊन, वाळवून ठेवल्या आणि यंदा ऑक्टोबरमध्ये पेरल्या. नऊ रोपे जगली. त्यांपैकी सहांना लांबट फळे लागली आहेत, दोघांची फळे चेंडूसारखी गोल आहेत आणि एका झाडाची फळे चक्क लाल भोपळ्यासारखी चपटी व खाचांची आहेत. माती, खत आणि पाणी सर्वांना सारखेच दिले आहे. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की, मधमाश्यांनी त्यांच्या गोल टोमॅटोचे पराग माझ्या फुलांवर आणले. आकार जनुकांवर ठरत असेल, तर एकाच फळातील बियांतून तीन आकार कसे निघाले? आकाराचे असे एकच जनुक असते का?

बियाणे_अभ्यासक

आधी काकूंच्या शंकेविषयी. टोमॅटोचा गर हा मातृझाडाच्या अंडाशयाच्या भिंतीपासून बनतो; त्यामुळे यंदा कोणाचेही पराग आले तरी यंदाच्या फळाचा आकार बदलत नाही, फरक पडलाच तर तो आतल्या बियांत पडतो. शिवाय लागवडीच्या बहुतेक वाणांत स्त्रीकेसर परागकोशांच्या नळीत झाकलेला असल्याने बहुतांशी स्वपरागीभवनच होते. तुमच्या तिन्ही आकारांचे मूळ गेल्या वर्षीच्या झाडातच होते, कारण संकरित झाडाला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते व पुढच्या पिढीत या प्रती नव्याने वाटल्या जातात.

आकाराचे एकच जनुक नाही. तथापि, लागवडीच्या टोमॅटोंतील आकारभेदाचा मोठा भाग चार ठिकाणच्या बदलांनी उलगडतो. सन आणि ओव्हेट हे दोन फळाला लांबी देतात, तर लोक्यूल नंबर आणि फॅसिएटेड हे दोन कप्प्यांची संख्या वाढवून फळ रुंद व चपटे करतात.

यांपैकी सनची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. हे जनुक मुळात दहाव्या गुणसूत्रावर असते. रायडर नावाच्या, स्वतःच्या प्रती काढून जनुकसंचात इतरत्र बसवणाऱ्या एका घटकाने प्रत काढताना आपली हद्द ओलांडली, शेजारचे हे जनुकही सोबत उचलले आणि डीएनएच्या सुमारे 24.7 हजार अक्षरांचा तो तुकडा सातव्या गुणसूत्रावर नेऊन बसवला. तेथे त्याला दुसऱ्याच जनुकाचे नियंत्रण मिळाले आणि ते कोवळ्या फळात एरवीपेक्षा कितीतरी जास्त काम करू लागले. परिणामी देठापासून टोकाच्या दिशेने पेशींची संख्या वाढते, आडव्या दिशेने ती घटते, आणि फळ लांबते. संशोधक एस्थर व्हान डर क्नाप यांच्या गटाने हे 2008 मध्ये प्रसिद्ध केले. जनुकाचे प्रथिन तेच राहिले. बदलली ती फक्त त्याची जागा व मात्रा.

ओव्हेटचा प्रकार याच्या उलट आहे. त्याचे मूळ काम लांबी आवरण्याचे. एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिन अर्ध्यातच थांबते आणि लगाम सुटतो. नाशपातीच्या आकाराच्या पिवळ्या टोमॅटोत हाच बदल असतो. कॉर्नेल विद्यापीठात 2002 मध्ये हे जनुक ओळखले गेले. मात्र हा बदल असूनही काही वाण गोलच राहतात, कारण ओव्हेटच्याच कुळातील दुसरे एक जनुक त्याची उणीव भरून काढते. म्हणून ‘हे जनुक आहे, म्हणजे हा आकार’ असे थेट समीकरण मांडता येत नाही.

तुमच्या संकरित वाणात सातव्या गुणसूत्रावर बसलेल्या या सनची एकच प्रत असावी, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर पुढच्या पिढीत साधारण पाव झाडांना ती मिळत नाही व त्यांची फळे लांबत नाहीत. तुमची नवापैकी तीन झाडे तशी आहेत. इतक्या लहान संख्येत हे प्रमाण अपेक्षेला धरूनच आहे.

तोडा_आणि_क्रेट (निफाड)

चपट्या झाडाबाबत घाई करू नका. आमच्याकडे थंडीच्या लाटेनंतरच्या तोड्यात खाचा पडलेली, वेडीवाकडी फळे दरवर्षी निघतात आणि प्रतवारीत ती बाजूला काढावी लागतात. कळी तयार होत असताना रात्री फार गार गेल्या की कप्पे वाढतात. ऑक्टोबरची पेरणी म्हणजे तुमच्या कळ्या नेमक्या थंडीत सापडल्या असणार. उन्हे वाढल्यावर येणाऱ्या फळांचा आकार पाहून मगच ठरवा.

बियाणे_अभ्यासक

ही सूचना रास्त आहे आणि मी ती आधीच नोंदवायला हवी होती. तरीही इतर आठ झाडांनी तीच थंडी सोसली असताना एकाच झाडाची सर्व फळे तशी असतील, तर आनुवंशिक कारणाची शक्यता अधिक वाटते. एक सोपी तपासणी करता येईल. एक फळ आडवे कापून कप्पे मोजावेत आणि फुलांच्या पाकळ्याही मोजाव्यात. टोमॅटोच्या रानटी पूर्वजाच्या फळात दोनच कप्पे असतात. फॅसिएटेडचा बदल असलेल्या झाडात मात्र कप्प्यांबरोबर पाकळ्याही नेहमीच्या पाचांपेक्षा बऱ्याच जास्त दिसतात.

याचे कारण फुलाच्या अगदी पहिल्या अवस्थेत आहे. शेंड्यावरील मूलपेशींचा साठा वुशेल हे जनुक टिकवते आणि क्लॅव्हाटा-3 त्याला आवर घालते. फॅसिएटेडमध्ये अकराव्या गुणसूत्राचा सुमारे 2 लाख 94 हजार अक्षरांचा तुकडा उलटा बसलेला असतो आणि त्या तुकड्याची एक कड क्लॅव्हाटा-3च्या नियंत्रक भागाशी तुटते. आवर ढिला झाला की साठा मोठा होतो आणि कप्पे वाढतात. लोक्यूल नंबरमधील बदल तर वुशेलच्या शेजारी अवघ्या दोन अक्षरांचा आहे. गंमत अशी की, 2008 मध्ये फॅसिएटेडचे श्रेय यॅबी कुळातील जनुकाला दिले गेले होते. खरे कारण क्लॅव्हाटा-3 असल्याचे कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या गटाने 2015 मध्ये दाखवले. पुढे 2017 मध्ये त्याच प्रयोगशाळेने डीएनएत ठरवलेल्या जागी बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राने क्लॅव्हाटा-3च्या नियंत्रक भागात निरनिराळे बदल करून कप्प्यांच्या कमी-अधिक संख्येची झाडे मिळवली.

गच्चीवरची_बाग (नाशिक)

दोघांचेही आभार. चपट्या झाडाच्या फळात नऊ कप्पे निघाले आणि आज उमललेल्या दोन फुलांना सात व आठ पाकळ्या आहेत. लांबट फळांत मात्र दोन किंवा तीनच कप्पे आहेत. आता मला कायम लांबटच फळे देणारे बियाणे घरी तयार करायचे असेल, तर काय करावे?

बियाणे_अभ्यासक

सहा लांबट झाडांपैकी साधारण दोघांत सनच्या दोन्ही प्रती असतील, मात्र ती कोणती हे नुसते पाहून खात्रीने सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक झाडाच्या बिया वेगळ्या पुडीत, झाडाचा क्रमांक लिहून ठेवा आणि पुढच्या हंगामात प्रत्येक पुडीतील किमान बारा रोपे लावा. एकच प्रत असलेल्या झाडाच्या बारा संततींत एकही गोल न निघण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा ज्या पुडीतली बाराही झाडे लांबट निघतील, तिचेच बियाणे पुढे धरा. बियाण्यासाठी राखायच्या घोसावर फुले उमलण्यापूर्वी मलमलीची पिशवी बांधा आणि फुलोऱ्याच्या काळात तो घोस रोज हलकेच झटका, म्हणजे पराग आतल्या आत पडेल आणि काकूंची शंकाही उरणार नाही.